हाताने शिवलेला जामा, लाल गोट आणि उरलेले १९ दिवस

वडगावची_सुई

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या चित्ररथाचा विषय यंदा आग्र्याचा दरबार आहे. दोन जामे, म्हणजे खाली घेर असलेले त्या काळचे लांब पोशाख, माझ्याकडे आलेत, एक महाराजांचा आणि एक शंभूराजांचा. प्रसंग १६६६ च्या मे महिन्यातला. तेव्हा शिलाई मशीन कुठलं? म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं की एकही टाका मशीनवर घालायचा नाही. पांढरी मलमल आणली, दोनदा पाण्यातून काढली, वाळवली आणि मग कापली. पौष संपता संपता बसले ती रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन-दोन तास. महाराजांच्या जाम्याचा घेर सहा मीटर. म्हणजे २३६ इंच. इंचाला आठ टाके धरले तर नुसत्या खालच्या कडेला जवळजवळ १,९०० टाके झाले.

परवा काम संपलं. उरेब, म्हणजे तिरकी पट्टी कापून कडांना लाल गोट लावला होता, गळ्याला, छातीच्या तिरप्या कडेला, बाह्यांना आणि खाली सगळ्या घेराला. शिवणी बसाव्यात म्हणून पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. मलमल पाण्यातून काढली होती, लाल कापड काढलं नव्हतं. गोटाचा रंग दोन-तीन बोटं आत उतरला. महाराजांच्या जाम्याला खाली सगळीकडे गुलाबी ओघळ आहेत. शंभूराजांच्या जाम्याला छातीवर आणि घेराच्या एका कळीवर, म्हणजे जोडपट्टीवर.

मिरवणुकीला १९ दिवस आहेत. रंग निघेल का? नाही निघाला तर उसवून दुरुस्त करू की नवीन कापड आणून मुळापासून सुरू करू? आणि एक विचारायचं आहे. तुमच्यापैकी कुणी असं हातानं काही मोठं शिवलं असेल, आणि ते शेवटाला बिघडलं असेल, तर परत सुई कशी हातात घेतली? मी दोन दिवस ट्रंक उघडलेली नाही.

शहापूरकर

ताई, वाचूनच जीव हळहळला. मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा. आमच्या घरी नवीन साड्यांना हेच करतात.

खासबागचा_रंगारी

थांबा ताई, मिठाच्या पाण्यात घालू नका! आमच्या घरात तीन पिढ्या सूत रंगवायचं काम झालंय म्हणून सांगतो. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंग सुताकडे ओढला जातो. पण बाजारातून रंगून आलेल्या सुती कापडाचा सुटलेला रंग मिठानं किंवा व्हिनेगरनं पक्का होत नाही. तुरटीचंही तसंच. मंजिष्ठा, आल असल्या झाडांच्या रंगांना तुरटी लागते, कारण ती आधी सुतात बसते आणि रंग तिला धरून राहतो. तुमचा लाल त्यातला नाही.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी गोट उसवून काढा, सगळा. तो जाम्याला लागलेला असताना भिजवलात तर आणखी रंग सोडेल आणि पाठही गुलाबी होईल. मग मोठ्या पातेल्यात हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी आणि नेहमीपेक्षा जास्त साबणाची पावडर घेऊन जामा मोकळा बुडवा. मोकळा म्हणजे पाण्यात हलला पाहिजे, कोंबायचा नाही. सुटलेला रंग पाण्यात तरंगत राहायला हवा, दुसरीकडे बसायला नको. पाणी गुलाबी झालं की ओता, परत तेच करा. मधे वाळू देऊ नका. पूर्ण साफ दिसेपर्यंत इस्त्री लांब ठेवा. एकदा इस्त्री फिरली आहे, त्यामुळे सगळा निघेल असं वचन देत नाही. पण बराच निघेल. कडक ब्लीच घालू नका, मलमल विरेल.

शहापूरकर

बरं झालं सांगितलंत ओ. म्हणजे आमच्या साड्या इतकी वर्षं उगाच मिठात पोहत होत्या.

नाट्यवेडा_खानापूर

राग मानू नका, पण मला मुळातच प्रश्न पडलाय. चित्ररथ रात्री निघणार, ट्रॅक्टरवर फोकस, समोर ढोल-ताशा. लोक वीस फुटांवरून बघणार. तुमचा इंचाला आठ टाक्यांचा धावदोरा कुणाला दिसणार? आमच्या गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकाला आम्ही दरवर्षी ड्रेपरीवाल्याकडून मखमलीचे अंगरखे भाड्याने आणतो. जरीची लेस झगझगते आणि शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. १९ दिवसांत जिवाला घोर लावून घेण्यापेक्षा तेच करा असं मनापासून वाटतं.

वडगावची_सुई

रंगारी दादा, आज रात्रीच उसवायला बसते.

नाट्यवेडा, राग नाही. पण मला ते दिसतं. जाम्याची कड हातानं दुमडून शिवली की कापड पडतं वेगळं. मशीनची टीप मलमलीला आवळून धरते, हाताचा टाका तिला जरा श्वास घेऊ देतो. पोरगं वळलं की घेर कसा फिरतो ते वीस फुटांवरूनही दिसतं.

निपाणीचे_मास्तर

ताई, मी ४१ वर्षं कपडे शिवले. आता नजर साथ देत नाही म्हणून दुकान बंद. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, नातवाला सांगून लिहून घेतोय.

मुळापासून सुरू करू नका. का, ते सांगतो. जामा म्हणजे एक कापड नव्हे. वरची चोळी वेगळी, बाह्या वेगळ्या, बगलेतला तुकडा वेगळा, आणि खाली कळ्या. पूर्वी मागावर कापड उतरायचं त्याचा पन्ना, म्हणजे रुंदी, लहान, म्हणून घेर हवा तर कळ्या जोडाव्या लागायच्या. आज आपण ४४ इंच पन्ना आणतो आणि कळ्या हौसेनं काढतो. पण त्या रचनेत एक मोठी सोय आहे. एक कळी डागली, फाटली, उंदरानं कुरतडली, तर तेवढी उसवून दुसरी घालता येते. बाकीच्या जाम्याला कळतसुद्धा नाही. पूर्वीच्या लोकांना कापड महाग होतं, ते जामा टाकून देत नव्हते.

हाताची शिवण उसवायला सोपी. मशीनच्या दोन दोऱ्यांची टीप उसवताना मलमलीला भोकं राहतात. हाताचा एकच दोरा, तीन-तीन टाक्यांवर कात्रीचं टोक लावायचं आणि ओढून घ्यायचा. भोकं पाणी लागलं की मिटतात. तेव्हा तुम्ही हातानं शिवलंत म्हणूनच आज दुरुस्त करता येतंय. नाट्यवेडा यांनाही हेच सांगणं.

आता मला दोन गोष्टी सांगा. शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलीत? आणि कापड किती उरलंय?

वडगावची_सुई

मास्तर, नमस्कार करते. माया बाजूच्या शिवणींना पाऊण इंच, कमरेला एक इंच. मलमल दीड मीटरच्या आसपास उरली आहे.

निपाणीचे_मास्तर

मग रडायचं कारण नाही. दीड मीटरमध्ये छोट्या जाम्याचं छातीचं पान आणि दोन कळ्या निघतात. एकच अट. रात्री दमून कापायला बसू नका. शिवायचं रात्री, कापायचं सकाळी. माझ्या हातून आयुष्यात जी नासाडी झाली ती सगळी रात्री दहानंतरची. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या एकदा, तेही लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरदेवाच्या कोटाच्या.

चिकोडी_८८

मास्तर, मग नवरदेवानं काय घातलं?

निपाणीचे_मास्तर

तोच कोट. पहाटे पाचला उठून बाहीला खांद्यात सांधा दिला आणि वरून पट्टी मारली. लोकांनी विचारलं, ही नवीन फॅशन का?

बैलहोंगलची_अक्का

ताई, तुझं दुःख मला चांगलं कळतं. मी शाळेत शिकवते, आमची शाळा कन्नड. घरी आम्ही मराठी. चार वर्षांपूर्वी मुलींनी कित्तूर चन्नम्माचं नाटुकलं बसवलं. १८२४ च्या २३ ऑक्टोबरची लढाई, इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला तो दिवस. राणीचा शेवट इथल्याच, बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत झाला, १८२९ साली, त्यामुळे आमच्या गावात तो विषय नुसता पुस्तकातला नाही. मीही तुझ्यासारखंच ठरवलं होतं, हातानंच शिवायचं.

गुळेदगुड्डचा खण आणला चोळीसाठी, गडद जांभळा, काठ लाल. खणाची गंमत काठात असते. बाहीला काठ आला पाहिजे, पाठीला खालून आला पाहिजे. मी कागदावर आखलं, खणावर मांडलं, कापलं. शिवून झाल्यावर बघते तर एका बाहीचा काठ दंडावर आणि दुसरीचा खांद्यात! कागद उलटा ठेवला गेला होता. तसा दुसरा खण बाजारात मिळेना, त्या रंगाचा माल संपला होता.

मी चार दिवस त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी आमच्या सासूबाईंनी ती चोळी मांडीवर घेतली. त्या कौदी शिवायच्या. तुमच्याकडे वाकळ म्हणतात ती. बोलल्या काही नाहीत. खांद्यातली बाही उसवली, काठ कापून सुटा केला आणि दंडावर जोडून दिला. तासाभराचं काम. मी चार दिवस जे ओझं घेऊन फिरत होते ते त्यांच्या दृष्टीनं एक ठिगळ होतं. कौदीत जुनं लुगडं, धोतर, परकर सगळं थरावर थर बसतं, कडेपासून आत आत धावदोरा. त्या बाईला बिघडलेलं कापड असं काही ठाऊकच नव्हतं.

तू ट्रंक उघड. एकटी नको उघडूस, शेजारच्या कुणाला तरी बसव समोर.

हलगा_रोड

अक्कांची पोस्ट वाचून आजीची वाकळ आठवली. थंडीत तिच्यासारखी ऊब कशालाच नाही. आजी दोरा एक हात लांबीचाच घ्यायची. लांब घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक टाक्याला घासून शेवटी तुटतो. आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायची. ताई, तुम्ही मेण लावता का?

वडगावची_सुई

लावते. मेणबत्तीचं नाही, मधमाशीचं. खानापूरच्या बाजारात मिळालं होतं.

नाट्यवेडा_खानापूर

आमच्या बाजाराचं नाव निघालं म्हणून परत आलो :)

इतिहासाचा_वाचक

धागा उशिरा बघितला. दोन गोष्टी.

वर 'अंगरखा' असा उल्लेख आलाय. नाटकांत सरसकट अंगरखा म्हणतात, पण ताई शिवताहेत तो जामाच आणि त्या काळाला तोच बरोबर. जाम्यात छातीची दोन पानं एकावर एक तिरपी येतात आणि बगलेखाली बंदांनी बांधतात. अंगरख्याला छातीवर गोल उघडा भाग आणि आत पडदा असतो, त्याची चलती जास्त करून पुढच्या काळात.

दुसरं, बंद कुठल्या बाजूला लावलेत? मुघलकालीन चित्रांत मुसलमान दरबारी उजव्या बगलेखाली बांधतात आणि हिंदू डाव्या. आग्र्याच्या दरबाराचा देखावा आहे, तर हा फरक नेमका दिसायला हवा, कारण तुमच्या रथावर दोन्हीकडची माणसं उभी असणार. हे मी स्वतः चुकवलंय म्हणून सांगतो. पुतण्यासाठी जामा शिवताना जुन्या छापील चित्राची नक्कल केली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र कधी कधी उलटं उमटतं, डाव्याचं उजवं होतं. मी डोळे मिटून तसंच शिवलं. मग हातानं रंगवलेलं चित्र बघितलं आणि सगळे बंद काढून दुसऱ्या बाजूला लावले. महाराजांची त्यांच्या काळाजवळची चित्रं परदेशातल्या संग्रहांत आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं गोवळकोंडा शैलीचं चित्र १६८६ च्या सुमाराचं आहे. पगडी, तुरा, कमरेचा शेला, सगळं नीट बघून घ्या.

वडगावची_सुई

बंद डाव्या बगलेखालीच आहेत. मलाही हे आधी ठाऊक नव्हतं, शिवायला घेण्याआधी महिनाभर नुसती चित्रं बघत होते.

लांबीबद्दल तुमचं मत हवंय. महाराजांचा जामा मी घोट्याच्या वर चार बोटं ठेवलाय. डाग खालच्या कडेला आहेत. तीन बोटं कापून टाकला तर खोटं दिसेल का?

इतिहासाचा_वाचक

अजिबात नाही. सतराव्या शतकातल्या चित्रांत जामा घोट्यापर्यंत लोळलाच पाहिजे असं नाही, गुडघ्याखाली थोडा उतरलेले कितीतरी दिसतात. बिनधास्त कापा. खाली सुरवार दिसेल, तेही बरंच.

खासबागचा_रंगारी

कापण्याआधी गरम पाण्याचं करून बघा मात्र. आणि नवीन गोट लाल लावायचाच असेल तर त्या कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी रुमाल पांढराच राहिला तरच वापरा. अडीचशे रुपयांचं कापड घेताना दुकानदार 'रंग पक्का' म्हणतो, त्याच्यावर विसंबू नका.

नाट्यवेडा_खानापूर

मी पहिल्यांदा जे लिहिलं ते अर्धं मागे घेतो. काल आमच्या नाटक मंडळाच्या व्हॉट्सॲपवर हा धागा टाकला. त्यावर आमच्या गावातल्या एका आईनं लिहिलं, की दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा बाल शिवाजी होऊन भाड्याच्या मखमलीत तीन तास उभा होता. वैशाखाचे दिवस, वरून फोकस. मखमल कसली, पॉलिस्टरच ते, घाम बाहेरच पडत नाही. पोराला चक्कर आली आणि त्याला खाली उतरवून घ्यावं लागलं. मी तिथेच होतो, मला वाटलं होतं तो उपाशी असेल.

मलमल घातली असती तर बरं झालं असतं. ताई, तुमचा शंभूराजे किती वर्षांचा आहे?

वडगावची_सुई

नऊ. खरे शंभूराजेही आग्र्याला गेले तेव्हा नऊच्या आतबाहेरचेच होते, जन्म १४ मे १६५७ चा. आमचा पोरगा खोडकर आहे, मापं घेताना एक मिनिट उभा राहत नाही.

अनगोळ_१९७४

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेचीच ठेवली म्हणून हा उकाड्याचा प्रश्न. फेब्रुवारीत असती तर मखमल चालली असती.

शहापूरकर

अनगोळकर, तिथी आणि तारखेचा विषय इथे काढू नका ओ, त्याला वेगळा धागा आहे आणि तो ३०० प्रतिसादांवर गेलाय. इथे ताईंचा जामा होऊ दे.

अनगोळ_१९७४

बरोबर आहे. मागे घेतो.

वडगावची_सुई

मंडळी, आठ दिवसांनी येतेय. आधी थोडक्यात सांगते आणि मग एक नवी अडचण.

अक्का, तुमचं ऐकलं. शेजारच्या काकूंना बोलावलं, त्या विणकरांच्या घरातल्या. ट्रंक त्यांनीच उघडली. दोघींनी मिळून दोन रात्रीत सगळा गोट उसवला. तीन-तीन टाक्यांवर कात्री लावून दोरा ओढायची मास्तरांची पद्धत वापरली, मलमलीला एक भोक पडलं नाही. मग परातीत गरम पाणी आणि पावडर. पहिलं पाणी सरबतासारखं झालं, दुसरं फिकं, चौथ्याला जवळजवळ स्वच्छ. महाराजांच्या जाम्याला खाली एक पुसट रेघ राहिली. ती तीन बोटांत गेली. सकाळी कापली, मास्तर! सहा मीटरची कड परत दुमडून शिवतेय, निम्मी झाली.

शंभूराजांच्या छातीवरचा डाग निघाला नाही. वरचं पान नवीन कापून घातलं. एक कळी बदलली. नवीन मलमल जुनीपेक्षा किंचित जास्त पांढरी दिसत होती, म्हणून काकूंनी दोन्ही जामे मिळून एकदा नुसत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायला सांगितलं. आता फरक मलाच शोधावा लागतो. लाल गोटाचा रुमालात तुकडा ठेवून बघितला, सकाळी रुमाल गुलाबी. दुसऱ्या दोन दुकानांतला आणला, एकाचा रुमाल पांढरा राहिला. तोच लावतेय.

आता अडचण. काल मुलाला घालून बघितलं. माप पौषात घेतलं होतं. पोरगं दीड इंच वाढलंय! बाही मनगटाच्या वर गेली आणि कमरेची शिवण बरगडीत बसतेय.

निपाणीचे_मास्तर

वाढत्या पोराचं माप तीन महिने आधी घेतलं की हे होणारच. घाबरू नका. कमरेला एक इंच माया म्हणाला होतात ना? ती उसवा आणि पाऊण इंच खाली सोडा, दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुरेत आत. शिवाय वर कमरेला शेला बांधणार, शिवण एखादं सूत इकडंतिकडं झाली तरी झाकली जाते. बाहीला मात्र मनगटाजवळ तुकडा जोडू नका, तो दिसतो. दंडापासून खाली नवीन बाही काढण्याइतकं कापड आहे का?

वडगावची_सुई

एक बाही निघेल. दोन नाही.

हलगा_रोड

माझ्याकडे मलमल आहे, मुलीच्या बाळंतपणासाठी आणलेली, दोनदा धुतलेली. अर्धा मीटर देऊ शकते. वडगावात रोज येणं होतं.

इतिहासाचा_वाचक

बाहीबद्दल एक सांगतो. जाम्याच्या बाह्या मुद्दाम हातापेक्षा लांब आणि अरुंद शिवायचे, म्हणजे मनगटावर चुण्या पडतात. चित्रांत त्या चुण्या ठळक दिसतात. त्यामुळे नवीन बाही कापताना मनगटाच्या पुढे चार-पाच बोटं जास्त ठेवा. पोरगं अजून वाढलं तरी पुढच्या वर्षी चालेल.

बैलहोंगलची_अक्का

आणि खणाचे दोन तुकडे माझ्याकडून. जाम्यासाठी नाही, तुझ्या शेजारच्या काकूंना चोळीसाठी.

वडगावची_सुई

हलगा_रोड ताई, उद्या संध्याकाळी पाचला येऊ शकाल का? मी मारुतीच्या देवळाजवळ थांबते. कापड सकाळी कापायचं आहे, मास्तरांनी सांगितलंय.

हलगा_रोड

येते. मेणाचा एक खडा पण आणते, आजीच्या डब्यातला आहे.